पी ०.०५ च्या खाली आला, पण मार्कर कामाचा आहे का?

अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणजे आपण ढोबळपणे ज्याला इसब म्हणतो, त्यातला खाजेचा, पुन्हा पुन्हा उलटणारा प्रकार. यावरचे बरेच पेपर एकाच साच्यातले असतात. पन्नासएक रुग्ण घ्यायचे, स्कोरॅडने तीव्रता मोजायची, रक्तातलं एकूण आयजीई आणि इओसिनोफिल मोजायचे, मग सहसंबंध काढायचा. पी ०.०५ च्या खाली आला की निष्कर्ष ठरलेला: ‘हा तीव्रतेचा विश्वासार्ह मार्कर आहे.’ माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

आधी आकडे बघू. समजा ५० रुग्णांत आर ०.३ आला. पी साधारण ०.०३ येतो, म्हणजे ‘सिग्निफिकंट’. पण आरचा वर्ग करा: ०.०९. रुग्णारुग्णांच्या तीव्रतेत जो फरक आहे, त्यातला जेमतेम ९ टक्के या मार्करशी जुळतो. एवढ्यावर समोरच्या एका रुग्णाबद्दल काय सांगणार?

त्यात आयजीई फक्त या आजाराचं नाही. दम्यात वाढतं, अ‍ॅलर्जीच्या सर्दीत वाढतं, पोटात जंत असले तरी वाढतं. उलट पाचातल्या साधारण एका रुग्णात ते नॉर्मल असतं, आणि तरी त्याचा आजार तीव्र असू शकतो. हनिफिन आणि राजका यांनी १९८० मध्ये निदानाचे निकष मांडले, तेव्हाही वाढलेलं आयजीई गौण निकषांतच ठेवलं होतं.

मोजपट्टीचाही प्रश्न आहे. स्कोरॅडच्या १०३ गुणांपैकी २० गुण खाज आणि झोपमोड यांचे, म्हणजे रुग्णाने सांगितलेले. ईझीचे ७२ गुण मात्र फक्त त्वचेवर दिसणाऱ्या लक्षणांचे. मोजपट्टी बदलली की आरही बदलू शकतो. त्यामुळे दोन पेपरांतले आर शेजारी ठेवण्याआधी मेथड्स नीट वाचा.

मग चांगला मार्कर नाहीच का? आहे, टार्क. २०१५ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये शंभराहून जास्त मार्कर तपासले, त्यात टार्क सर्वांत भरवशाचा ठरला, आर ०.६ च्या आसपास. जपानमध्ये २००८ पासून ही तपासणी सरकारी आरोग्य विम्यात बसते. पण ०.६ चा वर्गही ०.३६ च. शिवाय तान्ह्या बाळांत टार्क मुळातच जास्त असतं, आणि प्लेटलेट्समध्येही ते साठलेलं असतं, म्हणून सीरम आणि प्लाझ्मा यांचे आकडे वेगळे येतात. सगळी वयं एकत्र केली किंवा रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं हे लिहिलंच नाही, तर तो आर कशाचा, हेच कळत नाही.

सगळ्यात मोठी गल्लत पुढे आहे. एकदाच रक्त घेऊन काढलेला सहसंबंध वेगवेगळ्या माणसांमधला असतो. पेपर मात्र शेवटी लिहितो, ‘उपचारांचा परिणाम पाहायला उपयोगी.’ त्यासाठी त्याच माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा घ्यावं लागेल. ड्युपिलुमॅब सुरू केल्यावर त्वचा सुधारते, टार्कही काही आठवड्यांत उतरतं. आयजीई मात्र महिनोनमहिने हळूहळू उतरतं. म्हणजे चौथ्या आठवड्यात आयजीई बघून कुणी औषध बंद केलं, तर लागू पडत असलेलं औषध बंद होईल. आयजीईचा आकडा बघून मुलाचं दूध-अंडं तोडणारे पालकही असतात. ‘विश्वासार्ह मार्कर’ हे वाक्य पेपरात राहत नाही, ते घरापर्यंत जातं.

तुम्ही या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा. पुरळ किती आहे हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतंच. तेच सांगायला लहान मुलाच्या हातात सुई कशाला टोचायची? रक्ताने त्वचा सांगत नाही ते सांगायला हवं: आजार पुन्हा कधी उलटेल, कोणतं औषध कुणाला लागू पडेल. तुमच्या मार्करमुळे डॉक्टरांचा कोणता निर्णय बदलेल, हे एका वाक्यात लिहून बघा. ते वाक्य जमत नसेल, तर सॅम्पल साइझ काढायची घाई करू नका.