पूल, साकव आणि कैची : एक शब्दचिकित्सा

पुलांविषयीच्या आपल्या लेखनात 'ब्रिटिशकालीन' हे विशेषण इतके रुळले आहे की ते कालवाचक आहे की गुणवाचक, हेच कळेनासे होते. भक्कमपणाची ग्वाही त्यात गृहीतच असते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील असाच दगडी कमानींचा पूल कोसळून दोन एस. टी. गाड्या पुरात गेल्या. विशेषण मात्र शाबूत राहिले.

याच रायगड जिल्ह्यात नागोठण्यास चौलच्या काझी अलाउद्दीनाने सु. 1580 मध्ये बांधविलेला दगडी पूल आहे. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात त्याची लांबी 480 फूट दिली आहे. कठड्यांमधील रुंदी मात्र दहा फुटांच्याही आत. माणसाच्या व जनावराच्या मापाची ही वाट! तिला 'निजामशाहीकालीन' म्हटल्याने यातील काहीच कळत नाही.

वस्तुतः मराठीजवळ नेमके शब्द आहेत. कोकणातील 'साकव' हा संस्कृत 'संक्रम', प्राकृत 'संकम' यांपासून आलेला; 'ग्राम'चे गाव व 'नाम'चे नाव झाले त्याच वाटेने. 'पूल' फारशीतून आला. साकव म्हणजे ओढ्यावरची, मुख्यतः पायी जाण्याची सोय. नागोठण्याच्या बांधकामास तो शब्द लावता येणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण म्हणूनच दोन्ही शब्द हवेत. 'पादचारी पूल' हा जोडशब्द वापर सांगतो, बांधणीविषयी मौन पाळतो.

बांधणीचा शब्द सुताराकडे आहे : छपराच्या त्रिकोणी सांगाड्यास तो 'कैची' म्हणतो. मूळचा तुर्की, कातरीचा वाचक. लोखंडी सांगाड्याच्या पुलास 'कैचीचा पूल' म्हणण्यात कमीपणा कसला? कमानीत दगड एकमेकांस दाबून धरतात. कैचीत काही पट्ट्या दाबल्या जातात, तर काही ताणल्या जातात. हा भेद अलंकारिक नव्हे.

15 जून 2025 रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील अरुंद लोखंडी पूल गर्दीने कोसळला व चौघांचा मृत्यू झाला. तो ब्रिटिशकालीन नव्हता, तेव्हा वृत्तांतांनी 'जुना पूल' एवढ्यावर भागविले. आम्ही भाषाभ्यासकही व्युत्पत्ती सांगून थांबतो. पुलाच्या तोंडाशी लावायच्या फलकावर कोणता शब्द असावा, हे मात्र आम्हांस कोणी विचारीत नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही.