घोडीवरचा गंधार

गिटारची तार ब्रिजवर झणझणली तर तो दोष मानतात. हाडाच्या अरुंद पट्टीवरून तार एका नेमक्या बिंदूत सुटावी, कुठे घासू नये, म्हणून कारागीर जीव टाकतो. मिरजेचा तंबोरा घडवतात तो मात्र त्या झणझणीसाठीच. त्याची घोडी चांगली रुंद आणि वरून किंचित उतरती. थरथरणारी तार तिच्या पाठीला टेकत-उचलत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवत गेले की एका जागी तारेचा आवाज एकदम फुलतो. जवारी लागली म्हणतात ती हीच.

ठाण्यात राम मराठे महोत्सवाला जाल तेव्हा गायकाने सूर लावण्याआधीची दोन मिनिटे सोडू नका. नंतर ध्वनिक्षेपकवाले तंबोऱ्यांना तबला-पेटीखाली गाडून टाकतात. त्या दोन मिनिटांत फक्त खर्जाच्या तारेकडे कान द्यावा. पंचम आणि जोडाच्या तारा पोलादी, ही पितळेची. बोट सुटताच आधी जाड, बोथट षड्ज येतो. मग तो उसवू लागतो आणि आतून एकेक वरचा स्वर सुटा होत जातो. तार विझत आली की शुद्ध गंधार स्वच्छ ऐकू येतो. तो कुणी लावलेला नाही, चारांपैकी एकही तार गंधारात नाही. खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा उपस्वर. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तंबोरा जुळला की नाही हे त्याच्यावरूनच ठरवतात.

जिथे तार छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोऱ्यावर आणि वीणेवर तो उमटतो, आणि याचे मूळ घोडीच्या घडणीत आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली मांडले.

म्हणून भोपळ्याचे कौतुक जरा जास्तच होते असे मला वाटते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकाठी पिकणारा तो कडू, अजस्र भोपळा देखणा असतो खरा. पण तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा असतो आणि जवारी त्यालाही लागते. आवाज पोटाचा की फळीचा, हा प्रश्न गिटारपुरता स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने १८६२ मध्येच निकालात काढला होता. पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, फक्त वरची फळी उत्तम लाकडाची, अशी गिटार त्याने बनवली आणि ती वाजली. तंबोऱ्यातही घोडीचे कंपन आधी झेलते ती तुणाच्या लाकडाची, किंचित फुगीर तबली. भोपळा त्या आवाजाला पोट देतो. माझ्या कानाला मिरजेचा खर्ज तंजावरपेक्षा गोल आणि सैल लागतो, याचे श्रेय मात्र त्याला द्यायलाच हवे.

मिरजेत ही वाद्ये घडवू लागले ते शिकलगार. तलवारींना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यांकडे वळले. धार काढण्यात मुरलेली कानस घोडीवर नेमकी धार मोडण्याच्या कामी आली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुराचा हट्टी गवई त्याच गावात राहत होता, तेव्हा कारागिरांचे कान निर्ढावणे शक्यच नव्हते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

डोंबिवली-कल्याणच्या गाण्याच्या क्लासांत आता डबीएवढा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, नाहीतर मोबाइल. खाडीकाठच्या दमट हवेत खुंट्या फुगतात, दोन खोल्यांच्या घरात एवढे वाद्य ठेवायचे कुठे, लोकलमधून न्यायचे कसे. तक्रार करण्यात अर्थ नाही. रियाजाला ती डबी पुरते. फक्त तिच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज असा बाहेर पडतच नाही. वरचे उपस्वर ऐकून कान तो मनानेच भरून काढतो.

जुना तंबोरा घ्यायचा झाला तर गळ्यावरची नक्षी नंतर पाहावी. आधी वाकून घोडी तपासावी. तारांनी चरे पाडले असतील तर जवारी पुन्हा काढून घेता येते. पण घोडीखाली तबली दबलेली दिसली तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.