‘ताग’ ही संज्ञा आणि लागवडीचे अंतर

ताग दाट फेकून पेरावा, हेक्टरी ५० ते ६० किलो बी टाकावे आणि पीक फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडावे, ही हिरवळीच्या खताची शिफारस साकोलीच्या धानपट्ट्यास नवी नाही. हाच ताग वाखासाठी घ्यावयाचा झाल्यास बी सुमारे निम्म्यावर येते व पेरणी ओळीने, सुमारे एक फूट अंतरावर होते. बियाण्यासाठी घेतल्यास रोपे त्याहूनही विरळ ठेवावी लागतात. वनस्पती एकच, परंतु आकडे तीन. अंतराचा आकडा पिकाच्या प्रयोजनाशी बांधलेला असतो आणि प्रयोजन वगळून तो उद्धृत करणे म्हणजे अर्धे वाक्य उद्धृत करणे होय. मराठी कृषिलेखनात हे अर्धे वाक्य वारंवार आढळते.

दोष येथेच थांबत नाही. शालेय भूगोलात ‘ताग’ म्हणजे बंगालचे जूट. शेतकऱ्याच्या लेखी ताग म्हणजे बोरू. आणि अलीकडील अनुवादित लेखांत ‘हेम्प’ या इंग्रजी शब्दासाठीही क्वचित ताग हाच शब्द योजिला जातो, जेव्हा मूळ लेखकास भांगेची वनस्पती अभिप्रेत असते. बोरू शेंगावर्गीय आहे, जूट भेंडीच्या कुळातील, तर भांगेचे कूळ या दोहोंहून निराळे. मुळांवरील गाठींतून नत्र मिळते ते बोरूमुळे. जूट किंवा भांग गाडून तो लाभ होणार नाही. अर्थात या गोंधळाचे मूळ इंग्रजीतही आहे. तेथे मनिला हेम्प ही केळीची जातभाई, सिसल हेम्प हे घायपात आणि डेक्कन हेम्प ही आपली अंबाडी! इंग्रजी व्यापाऱ्याने वाखास नाव दिले. मराठी अनुवादकाने ते वनस्पतीचे समजून घेतले.

दाट पेरणीत रोपे प्रकाशासाठी परस्परांशी झगडतात, खोड सरळ व सडपातळ वाढते, फांद्या फुटत नाहीत आणि वाख लांब मिळतो. विरळ पेरणीत फांद्या, फुले व बी वाढते, परंतु खोड जाड व काष्ठमय होते. दाटीलाही मर्यादा आहेच. तिच्यापलीकडे दुर्बळ रोपे आपोआप मरतात व अधिकचे बी वाया जाते. भांगेच्या बाबतीत हा भेद फार तीव्र आहे. वाखासाठी चौरस मीटरमध्ये १०० ते २०० रोपे, तर राळयुक्त फुलोऱ्यासाठी दोन रोपांत मीटरभर किंवा त्याहून अधिक अंतर. परंतु कायदा अंतर पाहून सूट देत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाच्या चौदाव्या कलमानुसार वाख वा बियांसाठी लागवड करावयाची तर शासनाची अनुमती लागते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ती दिली, आणि तीही मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या पिकापुरती. साकोलीच्या शेतकऱ्याने ‘तागाची फायदेशीर शेती’ असे शीर्षक वाचून भांगेचे बी मागविले, तर शब्दकोशातील संदिग्धतेचा बचाव न्यायालयात कितपत टिकेल?

वाणाचा विचार तर या लेखनात जवळजवळ हरवलेलाच असतो. ‘जात’ हा एकच शब्द प्रजाती व वाण या दोहोंसाठी वापरल्याने वाचकास भेद उमगत नाही. साकोली सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा. फ्रान्समध्ये १६ तासांच्या उन्हाळी दिवसांसाठी निवडलेले ‘फ्युचुरा’सारखे भांगेचे वाण येथे अकाली फुलोऱ्यावर येऊन खुजे राहील, मग त्याच्या दोन ओळींतील अंतर कितीही अचूक असो. बोरूही दिवस लहान होऊ लागताच फुलतो. म्हणून उशिरा पेरल्यास त्याचा वाख आखूड निघतो. के-१२, शैलेश, स्वस्तिक या वाणांची नावे न देता केवळ ‘ताग’ म्हणणे त्यामुळेच अपुरे आहे.

धानाच्या बाबतीत असे कोणी लिहीत नाही. धान हलके की भारी हे विचारल्यावाचून रोवणीची गोष्ट निघत नाही. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राचे वाणही ‘साकोली-६’ असे गावाच्या नावाने व क्रमांकाने ओळखले जाते. २० बाय १५ सेंटिमीटर हे नेहमीचे अंतर आणि ‘श्री’ पद्धतीचे २५ बाय २५ यांतील फरक शेतकरी जाणतो. रोवणी आणि आवत्या हे दोन शब्द केवळ उच्चारल्याने लागवडीची अर्धी रीत सांगून होते. ज्या भाषेत ही सूक्ष्मता आहे, तिला तागाच्या वेळी दारिद्र्य का यावे?

प्राचीन भाषेत तरी ते नव्हते. शण व भंगा ही नावे संस्कृतात पृथक् होती. पाणिनीने तर भंगेच्या शेतासाठी ‘भंग्य’ व ‘भांगीन’ अशी रूपे सिद्ध करून ठेविली आहेत. ती आज उकरून काढण्याचे कारण नाही. हिरवळीच्या पिकास बोरू, बंगालच्या वाखास जूट, अंबाडीस अंबाडी आणि भांगेस भांगच म्हणावे. अनुमतीने घेतलेल्या पिकास हवे तर ‘वाखाची भांग’ म्हणावे. बोरू म्हणजे लेखणीही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु हेक्टरी ६० किलो लेखण्या पेरण्याचा प्रमाद कोणाकडून होण्याचा संभव नाही.