लोकशाही, वृत्तपत्रे आणि ऐकण्याचा प्रश्न

वृत्तपत्रांना लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. हा स्तंभ कोणाच्या ओसरीला आधार देतो, हे मात्र फारसे विचारले जात नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची सारी चर्चा बोलणाऱ्याच्या हक्कापाशी थांबते. ज्याचे ऐकायचेच नाही असे समाजाने ठरविले आहे, त्याच्या पदरात या स्वातंत्र्यातले काय पडते?

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. ही हकिकत आपण कडवटपणे सांगतो आणि पुढे जातो. परंतु पाणवठ्यावरची बंदी आणि छापील पानावरची बंदी ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत. बहिष्कार म्हणजे मुळात माणसामाणसांतला व्यवहार तोडणे.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण आधी वाचले आणि परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. 1500 प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून अनुभवांची देवाणघेवाण करीत एकत्र जगण्याची रीत आहे, अशी मांडणी त्यात आहे. समाजाच्या एका टोकाला घडलेले दुसऱ्या टोकाला पोचले पाहिजे. जातीने या वाटाच बुजविल्या आहेत. वृत्तपत्रांची खरी कसोटी येथे आहे.

ती आमच्या भागाला लावून पाहू. भिवंडी तालुक्यातले अकलोली मुंबईकरांना तानसाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे माहीत आहे. याच ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी आदिवासी सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 साली वारली या प्रथेविरुद्ध उठले. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. तरीही 1982 मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला शेजारच्या वसई तालुक्यात वेठबिगार सोडविण्यासाठी झगडावे लागले. म्हणजे दिल्लीचा कायदा मुंबईच्या वेशीवरच्या वाडीत आपोआप पोचला नाही. तो नेला कार्यकर्त्यांनी, पायी. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे वृत्तपत्र जात नाही. तेथे वार्ताहरानेच जायला हवे.

हा जुना इतिहास नव्हे. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महाराष्ट्र रस्त्यावर उतरला तो नोव्हेंबरात. मधल्या काळात सत्य शोधीत फिरले ते मुख्यतः कार्यकर्ते. मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली ती उशिरा.

आज मोबाईल वाडीपर्यंत आला आहे, म्हणून प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे होईल. बोलण्याची साधने वाढली; कोणाचे ऐकायचे हे ठरविणाऱ्या खुर्च्या फारशा हललेल्या नाहीत.

आपल्या चळवळीलाही हा प्रश्न चुकत नाही. आपली नियतकालिके आपणच लिहितो, आपणच वाचतो. त्यांनी आत्मभान दिले, हे ऋण मोठे आहे. पण वीटभट्टीवरच्या कातकरी बाईची साक्ष त्यांत कितीदा येते? ती नोंदविणे, आणि तिच्या हक्काचा कायदा तिच्या बोलीत तिला वाचून दाखविणे, हे काम शिकलेल्या पहिल्या पिढीचे आहे. मुक्यांचा नायक होणे ही सुरुवात होती. मुक्यांना कोणी नायक लागू नये, ही लोकशाही.