आठशे पौंडांचे ऋण

खेड्यातून आलेला माणूस शहरात एकटा पडतो व हरवतो, ही कथा वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या 'नो लाँगर अ‍ॅट ईज' (१९६०) या कादंबरीतील ओबी ओकोन्क्वोचे दुःख मात्र निराळे आहे. लागोस शहरात त्याला एकटे असे कोणी राहूच देत नाही.

लागोस हे मूळचे योरुबा लोकांचे. तेथे पोटासाठी आलेल्या उमुओफिया गावच्या इग्बो मंडळींनी आपला संघ स्थापला आहे. हा संघ ओबीला ८०० पौंड कर्जाऊ देऊन विलायतेस धाडतो. त्याने कायदा शिकावा आणि गावच्या जमिनीचे खटले लढवावेत, ही अपेक्षा. ओबी शिकून येतो इंग्रजी साहित्य! सत्काराला सारे कडक पोशाखात, आणि हा उकाड्यामुळे साध्या सदऱ्यात. ही फजिती अचेबे फार मिस्कीलपणे रंगवतात.

कादंबरीचे मर्म संघाच्या एका बैठकीत आहे. ओबी हप्त्यांसाठी चार महिन्यांची मुदत मागतो. संघ ती आनंदाने देतो. पण लगेच अध्यक्ष क्लाराचा विषय काढतात. क्लारा 'ओसू', म्हणजे देवाला वाहिलेल्यांच्या वंशातली; तिच्याशी लग्न निषिद्ध. ओबी संतापून मिळालेली सवलत झुगारतो. पुढे कर्ज, मोटारीचा खर्च, घरी पाठवायचे पैसे यांत तो रुततो आणि अखेर २० पौंडांच्या लाचेत सापडतो. तेव्हाही संघ चिडतो, कुरकुरतो, पण वकिलाचे पैसे भरतोच.

म्हणून या कादंबरीला केवळ लाचलुचपतीची कथा म्हणणे अपुरे वाटते. नवख्याला शहरात पाय रोवायला जे हात आधार देतात, तेच त्याचा जोडीदारही ठरवू पाहतात, आणि तेही मायेनेच! अचेबे कोणालाच खलपुरुष करीत नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

उणीव एवढीच, की क्लारा पुसटच राहते आणि ओबीचे अधःपतन अखेरच्या प्रकरणात घाईने उरकले जाते. तरीही पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न मागे उरतो: आठशे पौंड फेडता येतात, पण आपल्या माणसांच्या मायेचे ऋण कोणत्या हप्त्यांनी फेडायचे?