गाव सोडल्यावर उरते ते

“गोदाकाठचे ठाणे, गाव सोडले तरी हातात राहते” हे शब्दकोड्याचे सूत्र आमच्या अक्कांनी न्यू जर्सीहून दूरध्वनीवर घातले, तेव्हा ज्या कोपरगावच्या मातीत आम्ही दोघे वाढलो त्यातून ‘गाव’ वजा करताच ‘कोपर’ उरते, हे उमगण्यास मला अर्धा दिवस लागला आणि जन्मग्रामाचे नाव आपण कधी धड वाचलेच नव्हते, या जाणिवेने थोडा खजीलही झालो.

चौकटीचे शब्दकोडे आर्थर विन याने 1913 साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापले हे खरे. परंतु अक्षर गाळून अर्थ पालटण्याची कला विलायती नव्हे. त्यापूर्वी सुमारे तेराशे वर्षे बाणभट्टाने ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या विनोदांमध्ये अक्षरच्युतक व मात्राच्युतक यांची गणना केली आहे, आणि आमच्या मोरोपंतांनी तर ओष्ठ्य वर्ण सर्वस्वी वर्ज्य करून निरोष्ठ रामायण सिद्ध केले. नंदीवरचा बिंदू काढला की नदी वाहू लागते, हे बिंदुच्युतक. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार सरसकट खारीज केले, तेव्हा अवघा महाराष्ट्रच हा खेळ खेळला म्हणावयाचा!

मराठी कोड्याच्या घरात सुटा वर्ण बसत नाही, काना-मात्रा-जोडाक्षरांसह सबंध अक्षर बसते. म्हणून गाळणाऱ्याचा हात जपून चालावा लागतो. अक्कांचा हात तसा चालतो. कचेरीच्या दप्तरातले ‘वजा’, ‘बाद’, ‘खारीज’, ‘बेदखल’ हे शब्द त्या सूत्रांत असे पेरतात की वाचणाऱ्यास तो जमिनीचा तंटाच वाटावा. त्यांची नातवंडे मराठी अडखळत वाचतात. परंतु शेवगाव गावास मुकले की फराळाच्या ताटात शेव उरते, हे त्यांनी आजीच्या आधी ओळखले. पारनेरचे ‘नेर’ बाद केल्यावर पार राहतो, हेही त्यांनी सोडविले. मात्र पार म्हणजे काय, हे सांगण्यासाठी अक्कांना वड, त्याभोवतीचा दगडी ओटा आणि त्यावर बसणारी माणसे अशी अख्खी संध्याकाळ खर्ची घालावी लागली. जामखेडातून ‘खेड’ बेदखल करून ‘जाम’ काढणे मला तितकेसे रुचले नाही, आणि तसे मी त्यांना कळविलेही आहे.

ही सारी गावे ज्या जिल्ह्यातली, त्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, तरी त्यातले ‘नगर’ गळले नाही. त्याच्या चौदा तालुक्यांपैकी चार अक्कांनी घेतले. उरलेल्या दहांची सूत्रे वाचकांनी रचून पाहावीत.