मातृभाषेचा रकाना आणि नांदेड-लातूरची लोकवस्ती : एक चिकित्सा

एखाद्या प्रदेशाची लोकवस्ती कालांतराने कशी बदलली हे सांगू पाहणारा अभ्यासक सामान्यतः दोन साधनांकडे वळतो. एक जनगणनेचे तक्ते आणि दुसरे जिल्ह्याचे गॅझेटिअर. धर्म, जात व मातृभाषा या रकान्यांतील आकडे एका दशकातून दुसऱ्या दशकात कसे चढले वा उतरले हे पाहावयाचे आणि त्यावरून कोणता समाज वाढला, कोणता घटला, मूळचे कोण व उपरे कोण, याचा निर्णय करावयाचा, अशी ही रूढ रीत आहे. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या रीतीची, आणि विशेषतः तिच्यातील मातृभाषेच्या रकान्याची, चिकित्सा करावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा रकाना माणसाने आपल्या भाषेला दिलेले नाव नोंदवितो. माणूस कोणकोणत्या भाषांत व्यवहार करतो हे नोंदवीत नाही. ज्या प्रदेशात एकच माणूस घरी, बाजारात व कचेरीत निरनिराळ्या भाषा वापरतो, त्या प्रदेशाचे चित्र या एका रकान्यावरून काढल्यास ते केवळ अपुरे राहत नाही, तर दिशाभूल करणारे होते.

हा वाद निव्वळ पंडिती नाही. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठवाड्यातील कुणबी दाखल्यांच्या संदर्भात हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदी विचारात घेण्याचे ठरले, आणि त्यापाठोपाठ बंजारा समाजानेही त्याच साधनाच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी पुढे केली. जुन्या गणनेतील एखादा शब्द आज माणसाच्या हक्काचा आधार होऊ पाहत आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने २०२७ ची जनगणनाही जाहीर झाली. अशा वेळी रकाना काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट करणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

१. सीमा सरकली, माणसे नव्हे

पहिला दोष तुलनेचा आहे. १९५१ ची जनगणना हैदराबाद राज्यात झाली व १९६१ ची महाराष्ट्रात. या दोहोंच्या मध्ये १९५६ ची राज्यपुनर्रचना येते. तीनुसार नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. ती आज तेलंगणात आहेत. उलटपक्षी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ इकडे आले. पहिल्या प्रदेशाबरोबर तेलुगू भाषकांचा मोठा गट जिल्ह्याबाहेर गेला. दुसऱ्याबरोबर गोंड, कोलाम, आंध व बंजारा वस्ती जिल्ह्यात आली. म्हणजे दोन जनगणनांत 'नांदेड' हे नाव एकच असले, तरी त्या नावाने दर्शविलेली भूमी एक नाही. तेव्हा या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करून तेलुगू भाषक 'घटले' आणि आदिवासी 'वाढले' असे म्हणणे म्हणजे नकाशावरील रेषेच्या हालचालीला माणसांची हालचाल समजणे होय.

लातूरच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून निर्माण झाला, आणि त्याच्या पोटातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बिदर जिल्ह्यात होते. म्हणून लातूरच्या लोकवस्तीची दीर्घकालीन मालिका उस्मानाबाद व बिदर या दोन वेगळ्या दप्तरांतून तालुकावार जुळवावी लागते. ती न जुळवता जिल्ह्याच्या कन्नड संपर्काविषयी केलेली विधाने पायाविना उभी राहतात.

शिवाय १९५१ हे आधारवर्ष तरी निर्मळ कोठे आहे? रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे संस्थानच्या सरहद्दीपलीकडील छावण्यांत गेली होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्तीवर जो प्रसंग ओढवला, त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून नोंदविले. येथे मात्र माणसे खरोखर हलली, आणि मेलीही. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत झालेल्या गणनेला 'पूर्वीची स्थिती' मानून पुढील सर्व बदल मोजणे, हे दोन्ही बाजूंच्या दुःखाला हिशेबातून वगळणे आहे.

२. माणसे तीच, नावे वेगळी

दुसरा दोष नावांचा आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण धर्माच्या रकान्यात मिळते. महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती; १९६१ मध्ये ती सुमारे २८ लाख झाली. हे लोक कोठून आले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर त्यांनी आपले नाव आपण ठरविले. येथे रकान्याने एक महत्त्वाची ऐतिहासिक घटना अचूक टिपली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र जी टिपली ती घोषणा होती, स्थलांतर नव्हते. रकान्यातील उत्तर घोषणा म्हणून वाचले तर ते मौल्यवान ठरते, वंशाचा पुरावा म्हणून वाचले तर फसवे ठरते.

मातृभाषेचे उत्तरही असेच वाचावयास हवे. परंतु तेथे आणखी एक गुंतागुंत आहे. माणसाने दिलेले नाव तक्त्यात जसेच्या तसे राहत नाही. २०११ च्या जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावे हाती आली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा मान्य झाल्या आणि त्या १२१ भाषांखाली गटविण्यात आल्या. या गटवारीत लमाणी-लंबाडी व बंजारी या मातृभाषा 'हिंदी' या शीर्षकाखाली जातात. परिणामी, किनवट, मुखेड वा कंधार या भागांतील तांड्यावर जन्मलेली व वाढलेली व्यक्ती अंतिम तक्त्यात हिंदी भाषक होते. जिल्ह्यातील हिंदीचा आकडा पाहून उत्तरेकडील लोकांची आवक झाली असे अनुमान जर कोणी काढले, तर ते याच शीर्षकामुळे. गोरमाटी बोली राजस्थानी समूहाशी नाते सांगते हे खरे. पण नात्याने जवळ असलेली भाषा म्हणजे तीच भाषा नव्हे. या चुकीची किंमत तांड्यावरील मूल भरते. शाळेत प्रथम आलेल्या त्या मुलाला मराठी वा हिंदी भाषक गृहीत धरले, की त्याची अडचण भाषेची न राहता बुद्धीची ठरविली जाते.

याच समाजाच्या बाबतीत राज्याची सीमा कशी काम करते तेही पाहण्याजोगे आहे. बंजारा वा लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींत मोडतो. सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना, बोली एक, मात्र रकाने तीन. यास्तव लोकवस्तीची 'घडण' हा शब्द वापरताना ती समाजाची घडण आहे की दप्तराची, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

दखनीची स्थिती याहून निराळी नाही. नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंज गोलाईपर्यंत जी बोली ऐकू येते ती तक्त्यात उर्दू म्हणून उतरते, आणि बोलणारेही बहुधा तेच नाव सांगतात, कारण शाळेची, ग्रंथांची व प्रतिष्ठेची भाषा उर्दू आहे. परंतु त्या बोलीतील 'नक्को' आणि 'योच' मधील 'च' हे मराठीचे देणे आहे. नांदेडच्या शीख समाजाचेही असेच. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंग यांचे येथे देहावसान झाले. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंग यांच्या साहाय्याने सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या दखनी शिखांची उपासना गुरुमुखी ग्रंथांतून चालते, आणि बाजारात व शेजारात त्यांना दखनी व मराठी लागते. अशा कुटुंबाने मातृभाषा 'पंजाबी' सांगितली तर ते उत्तर खोटे नाही. मात्र त्या उत्तरावरून त्यांना पंजाबातून नुकत्याच आलेल्यांच्या पंक्तीस बसविणे चूक आहे.

याउलट लिंगायत समाजाकडे पाहावे. त्यांची धर्मपरंपरा कन्नड वचनांशी निगडित. तरीही कपिलधारच्या मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत रचले. पंथ, समाज व भाषा या तीन रेषा एकावर एक येतीलच असे नाही, याचे यापेक्षा जुने प्रमाण शोधावयास नको.

३. मधली भाषा

तर मग या दोन जिल्ह्यांत खरा बदल कोणता झाला? आमच्या मते तो मातृभाषांत कमी आणि मधल्या भाषेत अधिक झाला. भिन्न मातृभाषांच्या माणसांनी परस्परांशी व सरकारशी बोलण्यासाठी जी भाषा वापरावयाची, तिला येथे मधली भाषा म्हटले आहे. निजामी राजवटीत कचेरी व न्यायालय यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी, तेलुगू वा कन्नड भाषक हे सारे या बाबतीत एकाच पायरीवर उभे होते. १९५६ नंतर आणि विशेषेकरून १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर हे स्थान मराठीकडे आले. त्यामुळे मराठी भाषकाची मातृभाषा व मधली भाषा एक झाली. इतरांच्या बाबतीत ती वेगळीच राहिली, फक्त उर्दूच्या जागी मराठी आली. जुन्या व्यवस्थेच्या खुणा अजून दप्तरात व तोंडात आहेत. 'खासरा पाहणी' व 'मुंतखब' हे शब्द जमिनीच्या कागदांत भेटतात, आणि कंत्राटदाराला येथे आजही 'गुत्तेदार' म्हणतात, ज्याचे मूळ तेलुगू-कन्नडच्या बाजूला आहे.

हा संपर्क शब्दांपुरता नाही; वाक्यरचनेपर्यंत पोहोचतो. 'येतो म्हणून सांगितलं' हे मराठी वाक्य, दखनीतील 'आतूं बोलके बोला', तेलुगूतील 'वस्तानु अनि चेप्पाडु' आणि कन्नडमधील 'बरुत्तेने अंत हेळिद' ही वाक्ये शेजारी ठेवावीत. शब्द चार घरांचे, पण साचा एकच : आधी सांगितलेले वाक्य, मग 'म्हणून'च्या अर्थाचा दुवा, शेवटी क्रियापद. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका गावाच्या अभ्यासात मराठी, कन्नड व उर्दू यांची रचना अशीच जवळ आलेली दाखविली होती. ही जवळीक शतकानुशतके एकत्र राहिल्याशिवाय येत नाही. 'उपरे कोण' या प्रश्नाला व्याकरणाने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते कोणत्याही रकान्यात बसत नाही.

रकाना जसा नसलेला बदल दाखवितो, तसा असलेला बदल झाकतोही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. शिक्षणातील 'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्याच्या सर्व भागांतून विद्यार्थी व त्यांच्याबरोबर कुटुंबे लातुरात आली. शहराची वस्ती बदलली. परंतु येणारे बहुतांशी मराठी भाषकच असल्यामुळे मातृभाषेच्या रकान्यावर त्याचा ओरखडाही उमटत नाही. 'काय करायलास' म्हणणारा विद्यार्थी आणि पुस्तकी मराठी यांमधील अंतर तर तेथे दिसण्याचा प्रश्नच नाही.

४. तुलना आणि सूचना

हा पेच केवळ आपला नाही. इंग्लंडात १९९१ पासून वांशिक गटाची व २०११ पासून मुख्य भाषेची पृच्छा जनगणनेत होते. लेस्टर या शहरात २०२१ मध्ये आशियाई गटाचे लोक ४३.४ टक्के व गोरे ४०.९ टक्के नोंदले गेले, आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु तेथील भाषेचा प्रश्न एकच 'मुख्य' भाषा विचारतो. आजीशी गुजरातीत बोलणाऱ्या तरुणाने 'इंग्रजी' असे उत्तर दिले, की त्याची गुजराती नोंदीतून नाहीशी होते. आपल्याकडे नेमके उलट घडते. बालपणी आईने वापरलेली भाषा ही मातृभाषा, अशी व्याख्या असल्यामुळे, बोलणे थांबले तरी नाव टिकते. तेथील रकाना वेळेआधी रिकामा होतो, येथील वेळेनंतरही भरलेला दिसतो. दोन्हींकडे उणीव एकच : एका माणसाच्या अनेक भाषा.

कोणी म्हणेल की, गणनेला शेवटी काही तरी एक नाव लागतेच. हे खरे आहे. पण भारतीय जनगणना १९६१ पासून मातृभाषेखेरीज माणसाला येणाऱ्या आणखी दोन भाषांचीही विचारणा करीत आली आहे. म्हणजे सामग्री गोळा होते. मात्र द्विभाषिकांचे तक्ते राज्याच्या पातळीवर प्रसिद्ध होतात, त्यामुळे देगलूर वा उदगीर त्यांत दिसत नाहीत. हे तक्ते तालुका व शहर यांच्या पातळीवर द्यावेत, ही पहिली सूचना. गॅझेटिअरांविषयी दुसरी. १९७१ चे नांदेडचे व १९७२ चे उस्मानाबादचे गॅझेटिअर यांची उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि 'लोक' या प्रकरणात समाज एकामागून एक मांडण्याची जी धाटणी आहे, तीत त्यांच्यामधील व्यवहाराला जागा उरत नाही. नव्या आवृत्तीत त्या व्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण असावे.

तिसरी सूचना आपल्या विद्यापीठीय विभागांसाठी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने हैदराबाद संस्थान वगळले होते, म्हणून मराठवाड्याच्या बोलींना त्या थोर ग्रंथात प्रत्यक्ष पाहणीचा लाभ झाला नाही. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींच्या नमुन्यांचे संकलन हाती घेऊन ती उणीव बरीच भरून काढली आहे. पण ते काम मराठीपुरते आहे. किनवटची कोलामी, मुखेडची गोरमाटी, नांदेडची दखनी व देगलूरची तेलुगू यांचा परस्परसंबंधांसह अभ्यास व्हावयाचा असेल, तर तो येथेच, या भाषा ज्यांच्या घरी आहेत त्या विद्यार्थ्यांकडून व्हावयास हवा. तोवर तक्त्यातील आकड्यांवरून आपल्या शेजाऱ्यांविषयी निवाडा देण्याची घाई कोणी करू नये.